आठवड्याची हजेरी

आठवडा ही मोठी शहाणी सोय आहे. दिवस फार तोकडा. सकाळी दुधाची पिशवी फोडल्यापासून रात्री दाराला कडी लावीपर्यंत तो कुठे गेला ते कळत नाही. महिना फार लांबलचक. पहिल्या तारखेचा उत्साह दहा तारखेला आटतो आणि उरलेले वीस दिवस माणूस पुढच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसतो. आठवडा मात्र माणसाच्या आवाक्यातला. वाडवडिलांनी बाजार भरवला तो आठवड्याचा. उपास धरला तो सोमवारचा, नाही तर गुरुवारचा. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला, त्याची उपासना दर रविवारची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० पासून सुट्टी मिळवली, तीही रविवारचीच. आणि या क्षणी आपल्या हातात आहे तेही साप्ताहिकच की! एरवी दर आठवड्याला दीड पानात आटोपते घ्यायचे आणि दिवाळी आली की चार पाने ऐसपैस बोलून घ्यायचे, हा या सदराचा शिरस्ता. संपादकांची कात्री तेवढ्यापुरती खणात असते.

तेव्हा यंदा विषयही साप्ताहिकच घेतला आहे. आमच्या मीरा-भाईंदरात दर गुरुवारी रात्री साडेआठ वाजता एका सेवाभावी क्लबाची सभा भरते. गळ्यात साखळी घातलेले अध्यक्ष, कोटाला लावलेले बिल्ले, मागे कापडी फलक आणि पुढे जेवणाची ताटे, असे या सभांचे चित्र आपल्या सर्वांच्या मनात असते. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात तर ते फारच पक्के आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर या क्लबाचे जुने सभासद. ते मला पाहुणा म्हणून प्रथम घेऊन गेले, तेव्हा सौ. म्हणाल्या, “जा, पण फोटोत मागे उभे राहा. पुढे उभ्या असणाऱ्यांना वर्गणी द्यावी लागते.” पुढे मी चौथ्यांदा निघालो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, चौथ्यांदा जाणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत.”

मी अजून सभासद झालेलो नाही. पण जातो मात्र अधूनमधून, आणि का जातो याचा विचार करता करता हा लेख झाला.

पुण्याचे पाहुणे अजून आम्हांला विचारतात, मीरा-भाईंदर म्हणजे नेमके कुठे हो? दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपते आणि वसईची खाडी आली की आम्ही संपतो. या दोहोंच्या मधे एके काळी मिठागरे होती, भाताची खाचरे होती, घोडबंदरचा जुना किल्ला होता आणि समुद्रकाठी उत्तनची कोळीवस्ती होती. किल्ला आणि उत्तन अजून आहेत. १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत आमची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ साली ती ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त! एवढी माणसे काही इथे जन्माला आली नाहीत. ती आली. कुणी गिरगाव-लालबागची खोली विकून आले, कुणी कोकणातून, कुणी सौराष्ट्रातून, कुणी मारवाडातून, कुणी उत्तर प्रदेशातून, तर कुणी केरळातून. आमच्या इमारतीत चार मजल्यांवर सोळा बिऱ्हाडे आहेत आणि त्या सोळांची ‘गावे’ सोळा ठिकाणी आहेत.

अशा गावात गर्दी पुष्कळ असते आणि ओळख थोडी. सकाळी साडेसातची लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाला शेजाऱ्याची पाठ तेवढी माहीत असते. दारांना लोखंडी जाळ्या असतात, जाळ्यांमागे पुन्हा दारे असतात आणि त्या दारांमागे दूरदर्शनचे निरनिराळे आवाज असतात. पार नाही, चावडी नाही, आळी नाही. लोकलमधली भजनी मंडळी तेवढी खरी एकत्र बसणारी. पण विरारकडे जाणाऱ्या गाडीतून भाईंदरला उतरायचे म्हणजे अभंग अर्धा सोडून बोरिवलीपासूनच दाराकडे सरकावे लागते.

आता त्या गुरुवारच्या सभेकडे वळू. एका हॉटेलाच्या पहिल्या मजल्यावर बेताचा हॉल आहे. खाली तव्यावर डोसा चरचरतो, वर सेवेचा विचार चालतो. साडेआठची सभा नऊला दहा मिनिटे कमी असताना सुरू होते, आणि यालाच तिथे ‘वेळेवर’ म्हणतात. यंदाच्या अध्यक्षबाई व्यवसायाने हिशेबतपासनीस आहेत. त्यांच्यासमोर पितळेची एक घंटा असते. तिच्यावर लहानसा हातोडा मारला की सभा सुरू. मग राष्ट्रगीत. मग चिटणीस निवेदने वाचतात: अमुक तारखेला रक्तदान शिबिर, तमुक शाळेत मुलांचे दात तपासणे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावे द्या. मग आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस. लग्नाच्या वाढदिवसाला सभासदाचे आणि त्याच्या पत्नीचे अभिनंदन होते. मात्र वाढदिवसाची तारीख सभासदाला पत्नीच्या आधी चिटणिसांनी आठवण करून दिलेली असते. ही सेवा क्लबाच्या कार्यवृत्तात येत नाही. यायला हवी.

या सभेत ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ नावाचा एक अधिकारी असतो. नाव ऐकून मी पहिल्या दिवशी जरा सावरून बसलो होतो. प्रत्यक्षात ते आमच्याच भागातले स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी निघाले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे पुष्कळ कारखाने आहेत, त्यांतला एक त्यांचा. सत्तरीला आलेले, मूळ राजस्थानचे, सगळे त्यांना शेठ म्हणतात. हातात एक स्टीलचा डबा घेऊन ते टेबलांमधून फिरतात आणि दंड वसूल करतात. उशिरा आल्याचा दंड, बिल्ला विसरल्याचा दंड, सभेत मोबाइल वाजल्याचा दंड, मागच्या सभेला न कळवता गैरहजर राहिल्याचा दंड. आणि नवी गाडी घेतलीत, त्याचाही दंड! दंड देणारा हसत देतो आणि घेणारा पावती फाडीत नाही, असा हा गावातला एकमेव व्यवहार असावा. डब्यात जमलेली रक्कम वर्षअखेरीस शाळेच्या मुलांच्या वह्यांवर खर्च होते.

मग पाहुण्याचे व्याख्यान. मधुमेहावरचे व्याख्यान ऐकून मंडळी गुलाबजामवर तुटून पडली, ही मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. माझे स्वतःचे व्याख्यान मराठी भाषेवर ठेवले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या आनंदात डॉक्टरांनी मला धरले. “सर, अभिजात मराठीवर बोला. मात्र निम्मे लोक अमराठी आहेत, तेव्हा जरा हिंदीतून सांगा.” मी मराठीतूनच बोललो, फक्त सावकाश बोललो. समोरच्या टेबलावर एक मल्याळी वैद्य, एक गुजराती औषधविक्रेते, उत्तनचे एक मासळीचे व्यापारी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमन बसले होते. व्याख्यान संपल्यावर शेठजी डबा घेऊन आले आणि म्हणाले, “सर, तुमचा पन दंड. वीस मिनिट सांगितले होते, पस्तीस बोलले.”

ही सगळी कल्पना मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली? तिची गोष्ट आपल्या उपनगरी जिवाला जवळची वाटावी अशी आहे. पॉल हॅरिस नावाचा एक वकील. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका खेड्यात आजी-आजोबांपाशी वाढलेला. १८९६ साली तो वकिलीसाठी शिकागोला आला. शहर धडाधड वाढत होते, जो तो बाहेरून आलेला, आणि पॉलचे रविवार भकास जात. एका संध्याकाळी तो एका वकीलमित्राबरोबर त्या मित्राच्या वस्तीत फिरायला गेला. मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावाने हाक मारीत होता आणि ते याला नावाने उत्तर देत होते. पॉलला आपले खेडे आठवले. शहरातही असे जमवता येईल, हा विचार त्याने मनात बरीच वर्षे घोळवला आणि २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन जणांना एकत्र बसवले. एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपीकामाचा व्यावसायिक, एक खाणींचा इंजिनिअर आणि चौथा हा वकील. इंजिनिअरच्या कचेरीत, युनिटी बिल्डिंगच्या ७११ नंबरच्या खोलीत ते भेटले. पुढे पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे ठरले. ही पाळी फिरती, म्हणून नाव पडले ‘रोटरी’. प्रत्येक धंद्यातला एकच माणूस घ्यावा, म्हणजे आपसांत स्पर्धा नको, हाही त्यांचा सुरुवातीचा नियम.

१९०५ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. गोखल्यांनी सेवकाकडून सारे आयुष्य मागितले: तुटपुंज्या मानधनावर राहायचे, खाजगी मिळकत करायची नाही, देशाचे काम करायचे. त्याच समाजातल्या ना. म. जोशांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारवस्तीत शाळा व वाचनालये चालवली. हॅरिसने माणसाकडून मागितली आठवड्यातली एक वेळ. गोखल्यांची मागणी पुरी करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागली, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे. हॅरिसची मागणी संसारी माणसाला परवडणारी. मुलांच्या फिया भरून, घराचा हप्ता फेडून, सासूबाईंचे औषधपाणी करून जे काही उरते, त्यातून एक गुरुवार काढणे हे तुमच्या-माझ्यासारख्याला जमण्याजोगे आहे.

गंमत अशी की, सेवा हा त्या चौघांचा पहिला उद्देश नव्हता. एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणे आणि संगत, एवढेच. पण दर आठवड्याला सुशिक्षित माणसे एका टेबलाशी बसली की जेवणानंतर कुणी तरी गावाच्या अडचणीचा विषय काढतेच. १९०७ च्या सुमारास शिकागोच्या क्लबाने पहिले सार्वजनिक काम हाती घेतले, ते कोणते म्हणाल? शहराच्या मध्यभागी सार्वजनिक शौचालय व्हावे, हे! दारू गाळणारे म्हणाले, गरज काय, आमच्या गुत्त्यांत सोय आहे. मोठे दुकानदार म्हणाले, गरज काय, आमच्या दुकानांत बायकांची सोय आहे. म्हणजे सोय हवी असेल तर आधी ग्लास तरी घ्या, नाही तर कापड तरी! दोन वर्षे खटपट करून ते शौचालय झाले. ही हकिकत मी घरी सांगितली तेव्हा सौ. पहिल्यांदाच क्लबाच्या बाजूने बोलल्या. बँकेतल्या नोकरीसाठी पंचवीस वर्षे लोकलने जाणारी बाई या विषयावर अधिकाराने बोलू शकते. मात्र लगेच त्यांनी विचारले, “आणि बायकांना सभासद केव्हा केले त्यांनी?” मला सांगावे लागले: १९८९ साली, आणि तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कान उपटल्यावर. “वाटलंच,” असे म्हणून त्या कुकरच्या शिटीकडे वळल्या.

हिंदुस्थानात हे चक्र १९१९ साली कलकत्त्याला आले आणि १९२९ साली मुंबईला. लायन्स हे त्यांचे धाकटे भावंड. तेही शिकागोतच, १९१७ साली, मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने निघाले आणि १९५६ मध्ये मुंबईत आले. प्रारंभी या क्लबांत साहेब, संस्थानिक आणि मोठमोठे गिरणीमालक. आज भांडीवाले शेठ आणि दातांचे डॉक्टर. आमच्या पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून सरळ पुढे गेले की वापी लागते. तिथले कल्याण बॅनर्जी २०११-१२ साली जगभरच्या रोटरीचे अध्यक्ष होते. रुळांच्या कडेची गावेही कुठवर पोचतात पाहा!

त्यांच्या त्या वर्षाला एक वेगळे महत्त्व आहे. पोलिओ जगातून घालवायचा, असा संकल्प रोटरीने १९८५ साली सोडला होता. त्यात पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि देशोदेशीची सरकारे एकत्र आली. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. दोन थेंब बाळाच्या तोंडात आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण, हे आपणां सर्वांच्या घरात घडलेले आहे. सरकारी परिचारिका आणि अंगणवाडीच्या बाया यांनी उन्हातान्हात घरोघर जाऊन ते काम केले, त्याचे श्रेय आधी त्यांना. पण केंद्रावर टेबल मांडणारे, पाण्याच्या बाटल्या पोचवणारे आणि चुकारांची घरे शोधणारे स्वयंसेवक ठिकठिकाणच्या अशाच क्लबांतून आले. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० साली ४२. २०११ साली एक: हावडा जिल्ह्यातली एक लहानगी, १३ जानेवारीची नोंद. फेब्रुवारी २०१२ मध्ये रोगग्रस्त देशांच्या यादीतून भारताचे नाव निघाले आणि २७ मार्च २०१४ रोजी तो पोलिओमुक्त जाहीर झाला. पंचवीस-तीस वर्षे एकच काम न कंटाळता करणे ही आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मिळ गोष्ट. ज्यांना दर गुरुवारी तीच घंटा ऐकायची सवय झालेली असते, त्यांनाच ती साधत असावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या क्लबांचा कणा म्हणजे हजेरी. पूर्वी नियम मोठे कडक. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्व धोक्यात. परगावी असलात तर तिथल्या क्लबात जाऊन बसा आणि हजेरीची चिठ्ठी आणा. मग ते गाव सांगली असो की सिंगापूर. २०१६ साली मात्र रोटरीने आपल्या क्लबांना मोकळीक दिली: महिन्यातून निदान दोन सभा घ्या म्हणजे झाले. जग धावपळीचे झाले होते. पुढे २०२० साली करोनाने सभा पडद्यावर नेल्या आणि घरच्या खुर्चीत, खाली लेंगा नि वर कोट घालून सेवा करता येते, असा शोध लागला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इथेही ठराव आला: सभा दर गुरुवारी नको, पंधरवड्यातून एकदा पुरे. योगायोगाने मी त्या दिवशी हजर होतो. ठराव मांडणारे खजिनदार तरुण आहेत, हुशार आहेत, आणि त्यांचे मुद्दे खोटे नव्हते. हॉलचे भाडे वाढले. ताटाचा दर वाढला. गोल्डन नेस्टच्या चौकातून यायला पाऊण तास लागतो. निवेदने व्हॉट्सॲपवर येतातच. “दर आठवड्याला आपण भेटतो आणि बोलतो काय? मागच्या आठवड्यात बोललो तेच!” टाळ्या पडल्या. मला वाटले, ठराव झाला.

तेवढ्यात उत्तनचे मासळीवाले उठले. “आम्ही वर्षाचे बावन्न रविवार मिस्साला जातो. पाद्री काय दर रविवारी नवा देव आणतो? तोच देव, तेच बाक. पण कुणाच्या घरी काय झालंय, ते रविवारी रिकाम्या बाकावरून कळतं.”

मग शेठजी बोलले. स्टीलचा डबा हातातच होता. “माज्या दुकानात माणूस येतो तो गिऱ्हाईक. घरी येतो तो पावणा. बँकेत गेलो तर मी खातेदार, सोसायटीत गेलो तर मेंबर. इथे येतो तो नुसता माणूस येतो. असा दिवस आठवड्यात एकच हाय. त्यातला पन अर्धा कापायचा?”

त्यांच्या या बोलण्याला मागच्या जुलैची पार्श्वभूमी होती. २०२५ च्या जुलैत मराठी बोलण्याच्या वादावरून आमच्या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. दुकाने बंद झाली, मोर्चे निघाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की इथे दोन फौजा समोरासमोर उभ्या आहेत. त्या आठवड्यातही गुरुवार आलाच. राजकारण आणि धर्म सभेत काढायचा नाही, असा संकेत आहे, म्हणून त्यावर कुणी भाषण केले नाही. जेवताना मात्र नेहमीपेक्षा शांतता होती. मग शेठजींनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दुकानाची नवी पाटी. “सर, जरा शुद्धलेखन बघा. पेंटर बिहारी, मी मारवाडी, चूक ऱ्हायला नको.” ‘भांडी’मधली वेलांटी पहिली होती, ती मी दुसरी केली. त्यांनी कागद नीट घडी करून ठेवला आणि मला आणखी एक जिलबी वाढली. त्यातून भाषेचा प्रश्न सुटला, असा माझा दावा नाही. पण तो कागद माझ्यापुढे ठेवायला त्यांना संकोच वाटला नाही आणि घ्यायला मला वाटला नाही, याचे कारण आम्ही त्याआधी कित्येक गुरुवार एका टेबलाशी बसलो होतो. भांडण झाल्यावर ओळख करून घेता येत नाही; ती आधी करून ठेवावी लागते.

ठरावावर शेवटी निवृत्त मोटरमन बोलले. बोलणे बेताचे, आयुष्य सिग्नलकडे पाहण्यात गेले. पत्नी वारली, मुलगी कॅनडात, इथे दोन खोल्यांत एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी रात्री ते न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. मोबाइल बाहेरच्या खोलीत वाजत होता, हात पोचत नव्हता. शेजारी परगावी. गुरुवारी क्लबात त्यांची खुर्ची रिकामी राहिली. शुक्रवारी सकाळी शेठजींनी दंडाचे पन्नास रुपये मागायला फोन केला. एकदा केला, चारदा केला. मग स्वतः गेले, रखवालदाराला घेऊन दार उघडवले.

“मी दीड दिवस पडून होतो,” मोटरमन म्हणाले. “मुलगी मला रविवारी फोन करते. सोसायटीची बिलं महिन्याला येतात. पेन्शन बँकेत आपोआप जमा होतं. मी नाही, हे कळायला आठवडा हाच सगळ्यात जवळचा थांबा होता. तो दुप्पट लांब करायचा तर करा. माझी हरकत नाही. आता मी काठी घेऊन चालतो.”

ते खाली बसले. खजिनदारांनी ठराव मागे घेतला नाही, पण स्वतःच दुरुस्ती सुचवली: सभा दर गुरुवारीच, मात्र एक आड एक गुरुवारी जेवणाऐवजी चहा आणि बटाटेवडा. ठराव एकमताने मंजूर झाला. बटाटेवड्यावर एकमत होणे महाराष्ट्रात अवघड नाही, पण इथे राजस्थान, गुजरात आणि केरळ यांनीही हात वर केले होते.

मला या क्लबांचे सगळेच आवडते असे नाही. दहा चादरी वाटायच्या आणि वीस जणांनी फोटोत उभे राहायचे, हे बरे दिसत नाही. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा संकोच छायाचित्रात फार स्पष्ट येतो. भाषणांतली परस्परस्तुती मोजून अर्धी करता येईल. ‘मान्यवर’ हा शब्द एका संध्याकाळी किती वेळा यावा, यावर शेठजींनी दंड बसवला तर मुलांच्या वह्यांचा प्रश्न कायमचा मिटेल. पण माणसांना नियमाने एकत्र बसवणारी व्यवस्था दिसली की मी तिच्या या हौशीकडे काणाडोळा करतो. कारण अशा व्यवस्था आपल्याकडे कमी होत चालल्या आहेत. वाड्यांच्या इमारती झाल्या, ओटे गेले, वाचनालयांत वर्तमानपत्रे चाळायला येणारी मंडळी पांगली. गणपतीचे दहा दिवस आम्ही सगळे एका मांडवात असतो. अकराव्या दिवशी लोखंडी जाळ्या पुन्हा लागतात. वर्षातून एकदा उसळणाऱ्या प्रेमावर शेजार तगत नाही. त्याला थोडे पण नेमाचे पाणी लागते, तुळशीला लागते तसे.

यासाठी क्लबच काढला पाहिजे, कोट शिवला पाहिजे, घंटा आणली पाहिजे, असे मुळीच नाही. महिला मंडळाचा मंगळवार असेल, भजनाची एकादशी असेल, भिशी असेल, गच्चीवर पत्ते कुटणारे चौघे असतील. वार ठरलेला असावा, जागा ठरलेली असावी आणि न आलेल्याची चौकशी करणारा एक तरी शेठजी तिथे असावा. हजेरीचा नियम जाचक वाटतो, कारण ‘तुम्ही का आला नाहीत?’ हा प्रश्न आपल्याला शाळेत मास्तरांनी दरडावून विचारलेला असतो. मोठेपणी तोच प्रश्न कुणी विचारीनासे झाले की त्याची किंमत कळते.

दिवाळीचे चार दिवस घरोघर फराळाची ताटे फिरतील. शेजारच्या जाळीतून एक ताट आत जाईल, दुसरे बाहेर येईल आणि चकली कुणाची खुसखुशीत यावर चर्चा होईल. ते ताट परत करताना एखादा वार ठरवून टाका. पुढच्या आठवड्यातला.